दोन्ही बाटल्यांत आहेत, डॉक्टर

भाऊ, तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा उठलो, हात जोडले आणि पुन्हा खुर्चीवर बसलो. लोकांना वाटलं, डॉक्टरांना गहिवरून आलं. तसं नव्हतं. माझ्याआधी चौघे बोलले होते. तुम्ही कसे सचोटीचे, कसे वेळेचे पक्के, कधी कुणाला उलटून बोलला नाहीत. सगळं खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. मला जे बोलायचं होतं त्यात एक मेलेला माणूस होता, माझी चूक होती आणि सात वर्षं न मागितलेली माफी होती. ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगायचं होतं.

मी भिवंडीत आलो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. मंडईजवळ सहा खाटांचा दवाखाना उघडला, दारावर पदव्यांची पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात कंपाउंडर म्हणाला, "रक्त-लघवी भाऊंकडे पाठवायची. इथं सगळे तिथंच पाठवतात." मी बघायला आलो. कापडाच्या गोदामामागं दोन खोल्या. भिंतीपलीकडे लूम, विजेवरचे माग. त्या खटखटीनं टेबलावरच्या नळ्या वाजायच्या आणि मायक्रोस्कोप थरथरायचा. तुम्ही ट्रकच्या टायरचे तुकडे कापून त्यावर कडप्पा ठेवला होता आणि कडप्प्यावर मायक्रोस्कोप. तरीही अवघड स्लाइड तुम्ही शुक्रवारवर टाकायचात, कारण शुक्रवारी लूम बंद.

"शुक्रवारी जंतूसुद्धा नीट बसतात," तुम्ही म्हणालात. मला हसू आलं नाही. मी तुमच्या भिंतीवर प्रमाणपत्र शोधत होतो.

ते नव्हतंच. मॅट्रिकनंतर तुम्ही मुंबईतल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलात आणि बारा वर्षांत तिथलं सगळं काम बघून बघून शिकलात. हे तुम्हीच सांगितलंत, न लाजता. मागच्या अंगणात एक मेंढी बांधलेली होती. मी विचारलं तर म्हणालात, "हिच्या रक्तावर जंतू चांगले वाढतात. महिन्यातून दोनदा थोडं घेतो. बदल्यात ती आमच्या हिच्या मेथीचा वाफा खाते." आतून वहिनींचा आवाज आला, "सगळाच खाल्ला काल." मी घरी जाताना विचार करत होतो, अशा माणसाच्या रिपोर्टवर किती विसंबायचं.

आणि मग इस्माईल आला.

तुम्हाला त्याचं नाव आठवत होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. लूमवर काम करणारा, चोवीस-पंचवीसचा, उत्तरेकडून आलेला. मानेवर गळू होऊन गेलं होतं आणि मग दहा दिवस ताप. त्याचा मोठा भाऊ त्याला हाताला धरून घेऊन आला. "डॉक्टर साहब, बुखार उतरता ही नहीं. दो जगह दिखाया." मी छातीला नळी लावली आणि हृदयाच्या ठोक्यामागं तो फुंकरीसारखा आवाज ऐकला. नखांखाली रक्ताच्या बारीक रेघा होत्या. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. मी शिकताना हा आजार पाहिला होता, त्यामुळे निदान बरोबर केल्याचा मला अभिमानच वाटला.

या आजारात वेळ फार थोडा असतो. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे कळायला पुस्तकाच्या रीतीनं चार-पाच दिवस लागायचे. तेवढ्यात झडपेवरचा एखादा कण सुटून मेंदूत गेला की हातातलं सगळं निसटतं. मी दोन बाटल्यांत त्याचं रक्त घेऊन तुमच्याकडे पाठवलं आणि पेनिसिलिन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तुम्ही स्वतः आलात. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटं जांभळी.

"घोस आहेत, डॉक्टर. द्राक्षांसारखे. साध्या पेनिसिलिनला हे बहुतेक दाद द्यायचे नाहीत. दुसरं इंजेक्शन मिळतं का बघा."

"रिपोर्ट कुठाय?"

"रिपोर्टला तीन दिवस लागतील. बाटलीतला थेंब काढून रंगवून बघितला."

"घोस तर कातडीवरच्या जंतूंचेही असतात. सुई टोचताना आत गेले असतील."

"दोन्ही बाटल्यांत आहेत, डॉक्टर."

तुम्ही हे अगदी हळू म्हणालात. दोन वेगळ्या हातांतून घेतलेल्या दोन बाटल्यांत एकच घाण जाणं कठीण असतं, हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण समोर कंपाउंडर उभा होता, दोन पेशंट बसले होते, आणि मी म्हणालो, "पूर्ण रिपोर्ट येऊ द्या, भाऊ. थेंबावर औषध बदलत नसतात."

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. आणि मी न सांगता एक काम केलंत, ते मला मागाहून कळलं. बाटलीतलं रक्त जंतू वाढवायच्या थाळीवर थेट पसरलंत आणि त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवल्यात. म्हणजे जंतू आधी वेगळे काढा, ओळखा, मग औषध तपासा, हे सगळे टप्पे बाजूला ठेवून एका रात्रीत उत्तर. तिसऱ्या दिवशी सकाळी ती थाळी रुमालात झाकून तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा मी इस्माईलच्या खाटेशी होतो. पहाटे त्याचा उजवा हात पडला होता. बोलायला बघत होता आणि शब्द येत नव्हता. त्याचा भाऊ त्याची बोटं चोळत होता.

तुम्ही दारात उभे राहिलात. खाटेकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि थाळी न दाखवता परत गेलात.

मी औषध बदललं. मुंबईहून माणूस पाठवून इंजेक्शनं आणवली. दोन दिवसांनी इस्माईल गेला. कदाचित एक दिवस आधी औषध बदलूनही तो वाचला नसता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तुम्ही मला यातलं काहीही म्हणाला नाहीत. त्या आठवड्यात एकदाच विचारलंत, "ती स्लाइड फेकू की ठेवू?" मी म्हणालो, "ठेवा." इतकंच. त्यानंतर तुम्ही "थेंब बघितला" म्हणून आलात की मी खुर्चीवरून उठायचो. ती माझी माफी होती असं मी समजत होतो. तुम्ही तसं समजत होतात का, हे विचारायचं राहिलं.

तुम्ही मला पुढं 'डॉक्टर'च म्हणत राहिलात. मी तुमच्याहून अकरा वर्षांनी लहान, तुमच्या घरी जेवणारा, तरी कधी नावानं हाक मारली नाहीत. मला वाटायचं, हा तुमचा आदर आहे. कधी वाटायचं, ही त्या दिवसाची आठवण आहे.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी दापोड्याची यमुना आली. बावीस वर्षांची, कडेवर तान्हं मूल, बरोबर सासू. दोन महिने ताप. आधी टायफॉइड म्हणून, मग क्षय म्हणून औषधं झाली होती. सासू सांगत होती, "दाढ काढली तवापासून हिचा ताप हाय. अंगावर मास न्हाय राह्यला. पोराला दूध न्हाय. काय ते खरं सांगा, डागतर." लहानपणी यमुनाचे सांधे सुजले होते हे विचारल्यावर कळलं. छातीत तोच फुंकरीचा आवाज.

मी रक्त घेतलं आणि वीज गेली. त्या दिवसांत वीज कपात इतकी की लूमसुद्धा निम्मा वेळ गप्प असायचे. तुमची जंतू उबवायची पेटी विजेवर चालायची. मी काळजीनं तुमच्याकडे आलो, तर तुम्ही खुर्चीत बसून पेपर वाचत होतात. बनियनच्या आत, पोटाशी, दोन बाटल्या फडक्यानं बांधलेल्या.

"सदतीस अंश," तुम्ही म्हणालात. "आपल्यासारखी पेटी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही तसेच बसून होतात. जेवलात तसेच. वहिनी म्हणाल्या, "बाळंतीण बरी, ती निदान उठून फिरते." मी तिथंच बसलो होतो. तुम्ही एक थेंब काढलात, काचेवर पसरलात, जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, लाल रंग. मग डोळा लावलात आणि काच टोकापासून टोकापर्यंत सरकवत गेलात. मग बाजूला सरकलात. "बघा."

मी पाहिलं. जांभळ्या मण्यांच्या बारीक साखळ्या.

"दोन्हीत?" मी विचारलं.

"दोन्हीत."

मी तिथूनच चालत दवाखान्यात गेलो आणि रिपोर्टची वाट न पाहता यमुनाला मोठ्या डोसात पेनिसिलिन आणि जोडीला स्ट्रेप्टोमायसिन सुरू केलं. पण तुमचं समाधान झालं नव्हतं. चार दिवसांनी म्हणालात, "औषध बरोबर आहे, पण पुरतंय का ते बघू." इंजेक्शन दिल्यानंतरचं तिचं रक्त घेतलंत, वरचा पिवळा पातळ भाग काढलात, तो दुप्पट-दुप्पट पातळ करत आठ नळ्यांत घातलात आणि प्रत्येक नळीत तिच्याच झडपेवरचे जंतू सोडलेत. चौथ्या नळीपर्यंत जंतू मरायला हवे होते. फक्त पहिल्या नळीत मेले होते. तेव्हा आपण डोस वाढवला. सहा आठवडे दर चार तासांनी सुई. तिच्या दंडावर, मांडीवर जागा उरली नाही, पण ताप गेला. एके सकाळी ती खाटेवर बसून मुलाला पाजत होती.

घरी जायच्या दिवशी तिची सासू माझ्या पाया पडली. "तुमी होता म्हून माजी सून हाय." तुम्ही तेव्हा तिथं होतात. कोपऱ्यात, दुसऱ्या पेशंटच्या लघवीची बाटली घेऊन उभे. मला म्हणता आलं असतं, मावशी, यांच्या पाया पडा. मी म्हणालो नाही. मी फक्त तिला उठवलं. पुढच्या आठवड्यात तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण पाठवलं ते मी निम्मं तुमच्या घरी नेऊन दिलं आणि मला वाटलं, झालं.

तुमच्याशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुम्ही काचेची नळी तोंडात धरून रक्त, सीरम, जंतूंचं पाणी, सगळं ओढायचात. तुम्ही शिकलात तेव्हा सगळे तसंच करत. मी मुंबईहून नळीच्या टोकाला लावून ओढायचे रबरी फुगे आणून दिले. ते तुम्ही खिळ्याला अडकवून ठेवलेत.

"ह्यानं थेंब चुकतो, डॉक्टर. लूमच्या धक्क्यात तर फारच. आणि आठ नळ्यांत एक थेंब चुकला की सगळा हिशेब खोटा."

"आणि तोंडात गेलं तर?"

"वीस वर्षांत दोनदा गेलंय. थुंकून टाकलं."

मी रागावून निघून आलो होतो. पण दुसऱ्या दिवशी एका पेशंटसाठी तीच आठ नळ्यांची तपासणी मीच पुन्हा सांगितली. नंतरच्या वर्षांत किती वेळा सांगितली, मोजलेलं नाही. पुस्तकात ती होती, पण पुस्तक लिहिणाऱ्यांकडे तुमच्यासारखी माणसं सहा-सहा असतील. इथं तुम्ही एकटे.

मला घाई लागली की तुम्ही मला थांबवायचात, हेही लिहायला हवं. नाहीतर लोकांना वाटेल, भाऊ म्हणजे घाईचा माणूस. शाळेतल्या त्या मास्तरीणबाई आठवतात? थंडी वाजून ताप, हृदयात जुना आवाज. एका बाटलीत घोस दिसले. मी तोवर इतका बदललो होतो की लगेच औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. तुम्ही माझा हात धरलात. सात वर्षांत एकदाच.

"एकाच बाटलीत आहेत. दुसरी स्वच्छ आहे. ही माझ्या हाताची चूक असेल. उद्यापर्यंत थांबा."

मग तुम्ही तिच्या रक्ताचा पातळ थर काचेवर ओढून तासभर शोधत बसलात आणि मलेरिया सापडला. बाई पाच दिवसांत शाळेत रुजू झाल्या. लवकर मिळालेलं उत्तर आणि घाईनं मिळालेलं उत्तर यांत फरक आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. माझ्या पाटीवरच्या एकाही पदवीनं ते शिकवलं नव्हतं. हे तुमच्या तोंडावर बोललो असतो तर तुम्ही विषय बदलला असतात. तरी बोलायला हवं होतं.

श्रावण संपत आला होता. तुम्ही दुपारी दवाखान्यात आलात आणि एक नळी माझ्यासमोर धरलीत. आतली लघवी मोहरीच्या तेलासारखी.

"कावीळ आहे," मी म्हणालो. "कुणाची?"

"ओळखीचा आहे पेशंट."

मी वर पाहिलं. खिडकीच्या उजेडात तुमचे डोळे हळदीसारखे होते. तुम्ही हसलात. मला हसता आलं नाही. तुम्हीही मग हसायचं थांबलात.

ही रक्तातून येणारी कावीळ असावी, हे आपल्या दोघांना त्याच क्षणी कळलं. त्या नळीतून कुणाचं रक्त तुमच्या तोंडात गेलं, कोण जाणे. ती तपासणी मी सांगितलेली होती की दुसऱ्या कुणी, तेही कोण जाणे. तुमच्या आजाराला लवकरचं उत्तर देणारी तपासणी इथं नव्हती, आणि उत्तर मिळून द्यायला औषध नव्हतं. मी ग्लुकोज लावलं, विश्रांती सांगितली, सगळे सांगतात ते पथ्य सांगितलं. सहाव्या दिवशी तुम्ही दिवसा झोपायला लागलात आणि बोलण्यात गफलत होऊ लागली. मला कळलं.

मुंबईला हलवायची गाडी यायची होती. वहिनी कपडे भरायला घरी गेल्या. खोलीत आपण दोघेच. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"भाऊ, इस्माईलच्या वेळी मी तुमचं ऐकायला हवं होतं. तुम्ही बरोबर होतात. मी सगळ्यांसमोर तुम्हाला गप्प केलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. डोळे माझ्यावर होते, पण ओळख येत-जात होती.

"पेटीचं तापमान बघितलं का?" तुम्ही विचारलंत.

"बघितलं. सदतीस आहे."

"मग ठीक," म्हणालात आणि डोळे मिटलेत.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून निरोप आला.

गेल्या आठवड्यात पूर्णा गावचे एक गृहस्थ दाखल झाले. शेती करतात, चाळिशीचे. महिनाभर ताप, हृदयात आवाज, नखांखाली रेघा. बायको खाटेपाशी बसून होती. म्हणाली, "मुंबैला न्यायची ऐपत न्हाय. हितंच काय ते करा." रक्त मुंबईला पाठवलं तर उत्तराला आठवडा. मी वहिनींकडे लॅबची किल्ली मागायला गेलो. त्या काही न विचारता माझ्याबरोबर आल्या. मेंढी त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. कपाटात तुम्ही जंतू वाढवायचा रस भरून ठेवलेल्या पाच बाटल्या होत्या, चिठ्ठ्यांवर तुमच्या अक्षरात तारीख. त्यातल्या दोन मी नेल्या, रक्त घेऊन आणल्या आणि पेटी चालू केली.

दुसऱ्या दिवशी थेंब काचेवर पसरला. पलीकडे लूम चालू होते. जांभळा रंग टाकला आणि किती वेळ ठेवायचा ते आठवेना. वहिनी दारात उभ्या होत्या. पुटपुटत होत्या. मग म्हणाल्या, "साठ झाले. आता धुवा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी जेवायला बोलवायला यायचे तेव्हा हे मोजत असायचे," त्या म्हणाल्या. "मधे बोललेलं चालायचं नाही. मग मीही मनात मोजायचे. आयोडीनला साठ. स्पिरिटला नाही, ते नुसतं रंग उतरेपर्यंत. शेवटचा तीस."

त्यांनी मोजलं, मी रंगवलं. मग डोळा लावला. काच थरथरत होती. मला साखळ्या दिसल्या. डोळा काढला, पुन्हा लावला, पुन्हा दिसल्या. दुसऱ्या बाटलीची स्लाइड केली, तिच्यातही त्याच. तरीही मी बाजूला सरकून "बघा" म्हणालो, आणि वहिनी पुढे आल्या नाहीत, कारण मी हे त्यांना म्हटलेलं नव्हतं हे त्यांना समजलं.

मी औषध सुरू केलं. एकट्याच्या खात्रीवर. पूर्वी कधी इतकी भीती वाटली नव्हती.

आज चौथा दिवस. सकाळी ताप नव्व्याण्णववर आला. माणसानं पेज मागितली. संध्याकाळी दवाखाना आवरला आणि हे सांगायला मी तुमच्या घराकडे चालू लागलो. गोदामाच्या वळणापर्यंत गेल्यावर लक्षात आलं. तिथं थोडा वेळ उभा राहिलो, परत आलो, आणि कुणाला सांगू हे न सुचल्यामुळे लिहायला बसलो.